नदी आटण्याआधी विहिरी मोजा : इंदूरच्या कान्ह खोऱ्यातल्या गावांसाठी आणि वस्त्यांसाठी

इंदूरच्या दक्षिणेला, महूच्या अलीकडे-पलीकडे, विंध्याची जी धार आहे तिच्या एका बाजूला पडलेला पाऊस नर्मदेला जातो. दुसऱ्या बाजूचा पाऊस कान्ह, गंभीर, क्षिप्रा, चंबळ असा वाट काढत यमुनेला आणि पुढे गंगेला मिळतो. आपलं शहर या दुसऱ्या उतारावर वसलं आहे. पितो मात्र आपण बहुतांशी नर्मदा. १९७८ पासून ती जलूदहून, सुमारे ७० किलोमीटरवरून, घाट चढवून आणली जाते. नळाला पाणी दुसऱ्या खोऱ्यातून येऊ लागलं तसं आपल्या खोऱ्यातल्या कान्ह आणि सरस्वतीकडे पाहायचं कारण उरलं नाही. स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांनी १९१८ साली होळकर दरबाराला दिलेल्या नगररचना अहवालात या नद्यांचा विचार शहराच्या मध्यभागी ठेवून केला होता. आपण त्यांचे नाले होऊ दिले.

गेल्या काही वर्षांत सांडपाण्याचे हजारो जोड बंद झाले आणि २०२१ मध्ये इंदूरला ‘वॉटर प्लस’ शहराचा, म्हणजे सांडपाणी प्रक्रियेशिवाय नदी-नाल्यांत न सोडणाऱ्या शहराचा, दर्जा मिळाला. हे काम मोठं आहे आणि त्याचा मला अभिमान आहे. पण सांडपाणी थांबल्यावर एक गोष्ट उघडी पडली. पावसाळा सरला की या नद्यांकडे स्वतःचं असं पाणी फारसं उरत नाही. पावसाळ्यानंतर नदीत वाहतं ते जमिनीतून झिरपून आलेलं पाणी, आणि ते आपण पात्रात पोचण्याआधीच उपसून घेतो. म्हणून नदी वाचवण्याचं काम घाटावर सुरू होत नाही. ते वरच्या गावांतल्या विहिरी, बोरिंग, शेतं आणि नव्याने कापल्या जाणाऱ्या कॉलन्या यांच्यापासून सुरू होतं. ते कसं करायचं, ते क्रमाने सांगते.

आधी हद्द आखा, आणि ती लहान ठेवा

संपूर्ण कान्हचं खोरं एकदम हातात घेऊ नका. एखादा ओढा निवडा, ज्याचं पाणलोट पाचशे ते हजार हेक्टरच्या आत असेल आणि ज्यात एक-दोन गावंच येत असतील. भारतीय सर्वेक्षण विभागाचा १:५०,००० चा नकाशा घ्या. ओढा जिथे मोठ्या नाल्याला मिळतो तो बिंदू धरा आणि तिथून दोन्ही बाजूंनी उंच-उंच जागा जोडत वर जा. रेषा जिथे पुन्हा मिळेल ती तुमच्या पाणलोटाची माथ्याची रेषा. गूगल अर्थवर किंवा इस्रोच्या भुवन संकेतस्थळावर तीच रेषा काढून ठेवली तर पुढे प्रत्येक अर्जाला तो नकाशा जोडता येतो.

मग ती रेषा पायी फिरा. शक्यतो जुलैत, चांगल्या पावसाच्या दुसऱ्या दिवशी, कारण तेव्हा पाणी स्वतःच सांगतं की ते कुठून कुठे जातं. नवा रस्ता किंवा एखादी भिंत यांनी पाण्याची दिशा बदललेली असते, आणि ते कोणत्याही नकाशात सापडत नाही.

तिसरा नकाशा पटवाऱ्याकडचा, खसरा क्रमांकांचा, म्हणजे जमिनीच्या प्रत्येक तुकड्याच्या क्रमांकाचा. त्याच्याबरोबर जुन्या बंदोबस्ताच्या मिसलची (जुन्या जमीन नोंदीची) नक्कल, गावाचं निस्तार पत्रक (सामाईक जमिनींच्या वापराची नोंद) आणि वाजिब-उल-अर्ज (गावाच्या वहिवाटींची नोंद) हे तिन्ही कागद मागा. चराई, पाणवठे, वहिवाटीचे रस्ते, गावाच्या सामाईक जमिनी यांची नोंद यांत असते. आज जिथे सपाट प्लॉट दिसतो तिथे मिसलमध्ये ‘नाला’ किंवा ‘तालाब’ लिहिलेलं निघालं, तर पुढच्या लढाईतला सर्वांत भक्कम पुरावा तुमच्या हाती आला असं समजा. नक्कल मिळायला टाळाटाळ झाली तर दहा रुपये शुल्क भरून माहिती अधिकाराचा अर्ज करा.

विहीर मोजायची कशी

आपल्याकडचा खडक माळव्याचा बेसॉल्ट. वर काळी माती, तिच्याखाली मुरूम, त्याखाली भेगाळ किंवा जाळीदार थर आणि मग घट्ट काळा पाषाण. पाणी मुख्यतः मुरमात आणि भेगांत साठतं, आणि ही साठवण फार थोडी असते. थराच्या आकारमानाच्या साधारण दोन टक्के धरा. म्हणजे एक हेक्टर जमिनीखाली पाणी एक मीटर वर आलं तर हाती येतात फक्त दोन लाख लिटर. गंगेच्या गाळाच्या मैदानात पाचशे फूट बोर मारणं आणि इथे मारणं यांत हाच फरक आहे. इथे खोल बोर मारून नवं पाणी सहसा मिळत नाही. शेजारच्याच्या उथळ विहिरीतलं पाणी भेगांवाटे खाली ओढलं जातं, एवढंच होतं. ओढ्याच्या तळापेक्षा आजूबाजूची भूजल पातळी खाली गेली की प्रवाह उलटतो. जमीन ओढ्याला पाणी द्यायची, ती ओढ्याचं पाणी पिऊ लागते. नदी मरते ती या क्षणी.

म्हणून पाणलोटातल्या दहा-बारा उघड्या विहिरी निवडा. काही माथ्याकडच्या, काही मधल्या, काही ओढ्याकाठच्या. प्रत्येकीच्या कठड्यावर रंगाने खूण करा आणि त्याच खुणेपासून टेप सोडून पाणी किती खोल आहे ते मोजा. कठड्याची उंची वजा करायला विसरू नका. मोजणी सकाळी लवकर करा, मोटर रात्रभर बंद असताना. नाही तर उपशाने खाली गेलेली पातळी नोंदली जाते. केंद्रीय भूजल मंडळ आपल्या निरीक्षण विहिरी वर्षातून चार वेळा मोजतं. तुम्ही निदान तीन वेळा मोजा : मेअखेर, ऑक्टोबरअखेर आणि जानेवारीत. ज्याची विहीर त्याच्याच घरातल्या मुलीला किंवा मुलाला हे काम द्या. बाहेरच्याने आणलेल्या आकड्यावर गाव विश्वास ठेवत नाही, आणि त्यात गावाचं चुकतं असं मला वाटत नाही.

ओढ्याचं पाणीही मोजा. वाहतं पाणी रुंद असेल तर दहा मीटर सरळ पट्टा घ्या, त्यात सुकं पान किंवा लिंबू सोडा आणि घड्याळ लावा. समजा पंचवीस सेकंद लागले. वेग झाला सेकंदाला ०.४ मीटर. पृष्ठभागाचा वेग जास्त असतो म्हणून त्याला ०.८ ने गुणा : ०.३२. ओढा दोन मीटर रुंद आणि सरासरी १५ सेंटिमीटर खोल असेल तर छेद ०.३ चौरस मीटर, आणि प्रवाह सेकंदाला सुमारे ९६ लिटर. हिवाळ्यात धार बारीक झाली की पत्र्यात काटकोनी ‘व्ही’ कापून ती पाटी ओढ्यात आडवी बसवा. खाचेच्या टोकापासून पाणी १० सेंटिमीटर वर असेल तर प्रवाह सेकंदाला साधारण ४.४ लिटर, २० सेंटिमीटर असेल तर सुमारे २५. उंची पाटीपासून थोडं मागे, शांत पाण्यात मोजायची. लोहाराकडे अर्ध्या दिवसात ही पाटी तयार होते.

उपशाचा ताळेबंद

हा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे, म्हणून एक उदाहरण शेवटपर्यंत करून दाखवते. आकडे नमुन्याचे आहेत, तुमच्या गावाचे तुम्ही घाला.

पाणलोट ६०० हेक्टर. पाऊस ९५० मिलिमीटर, इंदूरच्या सरासरीच्या आसपास. एकूण पडलेलं पाणी ५७० कोटी लिटर. ऐकायला प्रचंड वाटतं, पण बेसॉल्टमध्ये त्यातलं साधारण दहा टक्केच जमिनीत मुरतं. बाकीचं वाहून जातं, वाफ होतं किंवा झाडं-पिकं घेतात. म्हणजे खात्यात जमा झाले ५७ कोटी लिटर.

आता खर्च. रब्बीत ३०० हेक्टर गहू, पाच पाणी, प्रत्येक पाण्याला ६ सेंटिमीटर. एका हेक्टरला एका पाण्याचे सहा लाख लिटर. तीनशे हेक्टर गुणिले पाच गुणिले सहा लाख, म्हणजे ९० कोटी लिटर. पिण्याचं पाणी दीड हजार माणसांना दररोज ५५ लिटर या जल जीवन मिशनच्या मापाने वर्षाला तीन कोटी. पाचशे जनावरांना मिळून आणखी एक कोटी. जमा ५७, खर्च ९४. सिंचनाचं थोडं पाणी परत मुरतं हे धरलं तरी ही वजाबाकी जुळत नाही. दरवर्षी बोर आणखी खोल का जातात त्याचं उत्तर या वजाबाकीत आहे. भूजल मूल्यमापनात जमेच्या शंभर टक्क्यांहून जास्त उपसा असेल तर तो भाग ‘अतिदोहित’ ठरतो, आणि इंदूरचा परिसर त्याच वर्गात आहे.

आता पीक बदलून पाहा. दीडशे हेक्टर हरभरा, दोन पाणी : १८ कोटी. दीडशे हेक्टर कठिया (ड्युरम) गहू, तीन पाणी : २७ कोटी. पिण्याचे आणि जनावरांचे ४ कोटी. खर्च ४९, शिल्लक ८ कोटी. हे आठ कोटी नदीचे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी अशा १२० दिवसांत विभागले तर सेकंदाला साडेसात लिटरच्या वर प्रवाह होतो, म्हणजे तुमच्या व्ही-पाटीवर साडेबारा सेंटिमीटरची खूण. त्या जागी लाल रंगाची रेघ मारून ठेवा. पाणी रेघेखाली गेलं की कुणीतरी ठरल्यापेक्षा जास्त उपसतंय किंवा आपला अंदाज चुकला आहे. दोन्हींपैकी काहीही असो, त्याच आठवड्यात बसून बोलायचं.

कठिया गहू आणि हरभरा ही माळव्याची जुनी पिकं आहेत. सोयाबीन येण्याआधी इथल्या काळ्या जमिनी पावसाळ्यात बऱ्याच प्रमाणात पडीक ठेवत आणि मुरलेल्या ओलीवर रब्बी घेत. तो काळ परत आणा असं मी म्हणत नाही, सोयाबीनने अनेक घरं उभी केली. पण गव्हाच्या पाचव्या पाण्याशिवाय शेती होतच नाही हा समज मात्र नवा आहे, आणि तो वीज व बोरिंगबरोबर आला.

प्रत्यक्ष उपसा किती आहे हे कळायला मोटरच्या पाइपाखाली वीस लिटरची बादली धरा. आठ सेकंदांत भरली तर तासाला नऊ हजार लिटर. दिवसाला आठ तास चालली तर ७२ हजार, तीन महिन्यांत जवळपास ६५ लाख. गावात अशा किती मोटरी आहेत ते मोजा, आणि ऑटो स्टार्टरवाल्या वेगळ्या मोजा. वीज आली की मोटर आपोआप सुरू आणि मालक घरी झोपलेला, यात वाया जाणारं पाणी कोणाच्याही पिकाला लागत नाही. गावाला पटवायला सर्वांत सोपी गोष्ट हीच आहे. सुरुवात इथून करा.

गावाचा करार

मध्य प्रदेशात २६ जानेवारी, १४ एप्रिल, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला ग्रामसभा होतात. पाण्याच्या हिशेबासाठी २ ऑक्टोबर पकडा. पावसाळा जवळजवळ संपलेला असतो, रब्बीचं बी अजून जमिनीत गेलेलं नसतं. त्या दिवशी विहिरींच्या पातळ्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहा आणि वरचा ताळेबंद सगळ्यांसमोर करा.

ठरावात नेमक्या गोष्टी असाव्यात : या हंगामात गव्हाचं क्षेत्र किती, पाणी किती वेळा, सिंचनासाठी नवं बोरिंग नाही, ओढ्यात थेट मोटर टाकायची नाही, ऑटो स्टार्टर काढायचे, आणि पाटीची नोंद कोण ठेवणार. ‘पाणी जपून वापरावे’ असा ठराव कृपया करू नका, त्याने काहीच बदलत नाही. महाराष्ट्रातल्या अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातल्या हिवरे बाजारचं उदाहरण गावकऱ्यांना सांगा. पोपटराव पवारांच्या गावाने शेतीसाठी बोअरवेल बंद केली, ऊस आणि केळीला नकार दिला आणि दरवर्षी पावसाच्या मापाने पिकं ठरवली. जवळचं उदाहरण हवं असेल तर देवास आहे. तिथे २००६ च्या सुमारास तत्कालीन जिल्हाधिकारी उमाकांत उमराव यांच्या पुढाकाराने शेतकऱ्यांनी स्वतःच्या जमिनीचा एक भाग देऊन हजारो शेततळी खोदली, पावसाचं पाणी त्यांत साठवलं आणि बोरिंगवरचा भार कमी केला. एक सावधगिरी : शेततळं पावसाने भरायला हवं. महाराष्ट्रात अनेक ठिकाणी प्लास्टिक अंथरलेली तळी बोरच्या पाण्याने भरली जातात. तिथे तळं म्हणजे भूजल उघड्यावर आणून वाफ करण्याची सोय होते.

आता आपल्या माणसांशी थोडं स्पष्ट बोलते. रामबाग, लोकमान्य नगर, सुदामा नगर इथल्या बऱ्याच मराठी घरांची आसपासच्या गावांत जमीन आहे आणि ती बटाईने दिलेली असते. आपण वर्षातून दोनदा जातो, धान्य घेतो आणि परत येतो. पाण्याबद्दल आपण तोंड उघडत नाही. पण जमिनीचा मालक म्हणून करारात अट घालणं आपल्या हातात आहे : हरभऱ्याचं क्षेत्र किती, गव्हाला पाणी किती, नवं बोरिंग नाही. उत्पन्न थोडं घटलं तर तो तोटा दोघांनी वाटून घ्यायचा हेही त्यातच लिहा. सगळा त्याग बटाईदाराने करावा असं म्हणणं अन्याय आहे, आणि अशी अट एक हंगामही टिकणार नाही.

जमिनीचा वापर : माथा, काठ आणि कॉलनी

माथ्यावरचा मुरूम खोदला गेला की जिथे पाणी मुरायचं ती जागाच संपते. म्हणून टेकड्यांवरचं खोदकाम रोखणं हे चर खणण्याच्या आधीचं काम. त्यानंतर उतारावर समतल चर, घळींत दगडी बांध, खाली स्टॉप डॅम (दारं लावून पाणी अडवणारा छोटा बंधारा), असं वरून खाली यायचं. स्टॉप डॅम असेल तर त्याची कडी-शटर सप्टेंबरच्या अखेरीस, परतीच्या पावसाआधी बसवा. शटर चोरीला जातात म्हणून बसवलीच जात नाहीत, ही तक्रार खूप गावांत ऐकू येते. ती पंचायतीच्या कुलुपाखाली ठेवा आणि किल्ली नावानिशी एका माणसाकडे द्या. ओढ्याच्या दोन्ही काठांवर नांगर न लावता गवताचा पट्टा सोडा. त्यात वाळा, करंज, जांभूळ, उंबर, अर्जुन लावा.

शहराच्या कडेला खरा धोका कॉलनीचा. प्लॉट घेणाऱ्याने चार गोष्टी पाहाव्यात. खसरा क्रमांक मिसलमध्ये काय दाखवतो. नगर तथा ग्राम निवेश कार्यालयाने मंजूर केलेल्या आराखड्यात ओढा आहे की गायब आहे. रेरामध्ये, म्हणजे स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाकडे, नोंदणी आहे का. आणि जुलैतल्या पावसात ती जागा कशी दिसते. ओढा पाइपात घालून वर रस्ता केलेला असेल तर तो प्लॉट घेऊ नका. पुराच्या पहिल्या मोठ्या पावसात तुमचं तळमजल्याचं घर त्याच पाण्याच्या वाटेवर असतं.

विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध होतो तेव्हा हरकती घेण्यासाठी मुदत असते, १९७३ च्या अधिनियमाप्रमाणे तीस दिवसांची. तुमचा पाणलोटाचा नकाशा, मिसलची नक्कल आणि विहिरींच्या नोंदी यांची फाइल आधीच तयार असेल तरच ही मुदत पुरते. ‘हरित क्षेत्र कमी करू नका’ एवढं लिहिलेल्या हरकतीपेक्षा ‘अमुक खसऱ्यातून अमुक ओढा जातो, सोबत नकाशा’ ही हरकत बाजूला सारणं अवघड असतं.

कायदा कुठे उपयोगी पडतो

मध्य प्रदेश पेयजल परिरक्षण अधिनियम, १९८६ खाली जिल्हाधिकारी एखादा भाग पाणीटंचाईग्रस्त घोषित करू शकतात. मग परवानगीशिवाय नवं नलकूप खोदता येत नाही, आणि सिंचनासाठी किंवा उद्योगासाठी जलस्रोतातून पाणीही घेता येत नाही. इंदुरात अलीकडच्या उन्हाळ्यांत असे आदेश निघाले आहेत. आदेशाची प्रत जवळ ठेवा. रात्री बोरिंगची गाडी गावात शिरली तर फोटो, वेळ, जागा नोंदवून तहसीलदार आणि पोलीस ठाणे दोन्हीकडे कळवा.

२०२० च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार घरगुती वापर आणि शेती यांना भूजल परवान्यातून सूट आहे, पण गृहनिर्माण संकुलं, मोठे उद्योग आणि टँकरने पाणी विकणारे यांना ना-हरकत प्रमाणपत्र लागतं. तुमच्या गावातून रोज टँकर भरून शहरात जात असतील तर ते प्रमाणपत्र माहिती अधिकारात मागा. हाच प्रश्न शहरातल्या सोसायटीनेही आपल्या टँकरवाल्याला विचारायला हवा.

सरकारी जमिनीवर, नाल्यावर, तलावात अतिक्रमण असेल तर भू-राजस्व संहिता, १९५९ च्या कलम २४८ खाली तहसीलदारांकडे अर्ज करा. गावाच्या सामाईक जमिनींबद्दल सर्वोच्च न्यायालयाचा २०११ चा जगपाल सिंग निकाल त्याला जोडा. मंगळवारी जिल्हाधिकारी कार्यालयात जनसुनवाई (लोकांच्या तक्रारींची सुनावणी) असते, तिथे पावती घेतल्याशिवाय उठू नका. सिरपूर आणि यशवंत सागर हे तलाव २०२२ पासून रामसर स्थळं, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागा, आहेत. त्यांना २०१७ चे पाणथळ नियम लागू आहेत, ज्यांत उच्च पूरपातळीच्या सरासरीपासून ५० मीटरच्या आत कायमस्वरूपी बांधकामाला मनाई आहे. हे सगळं करूनही काही हललं नाही तर भोपाळचं राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण आहे. तिथे घटनेपासून सहा महिन्यांत जावं लागतं, वाढीव सवलत फार तर साठ दिवसांची. बरेच चांगले दावे या मुदतीत अडकतात. म्हणून अतिक्रमण पहिल्यांदा दिसलं त्या दिवसाचाच तारखेसह फोटो ठेवा, आणि कार्यालयांच्या उत्तराची वाट पाहत वर्ष घालवू नका.

शहरातल्या घराने काय करावं

मध्य प्रदेशात १४० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या प्लॉटवर छतावरच्या पावसाचं पुनर्भरण बंधनकारक आहे. शंभर चौरस मीटर छतावरून वर्षाला साधारण ७५ हजार लिटर मिळतात. पहिल्या एक-दोन पावसांचं पाणी बाहेर सोडा. त्यानंतरचं वाळू-खडीच्या गाळणीतून जाऊ द्या आणि मगच बोरमध्ये किंवा शोषखड्ड्यात सोडा. अंगणातलं, गाडी धुतलेलं, गटाराजवळचं पाणी बोरमध्ये कधीही सोडू नका. भेगाळ खडकात ते गाळलं जात नाही, थेट शेजारच्या बोरपर्यंत पोचतं.

वर्षाचा क्रम असा ठेवा : मेअखेर विहिरी मोजणं आणि गाळणी साफ करणं, जुलैत माथ्याची फेरी, सप्टेंबरअखेर शटर, २ ऑक्टोबरला ताळेबंद आणि ठराव, ऑक्टोबरअखेर दुसरी मोजणी, नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत दर रविवारी पाटीची नोंद, आणि जानेवारीत तिसरी मोजणी. नोंदवही पंचायतीत ठेवा आणि तिची एक प्रत शाळेत. सरपंच बदलला, सचिवाची बदली झाली, तरी शाळेतली वही सहसा जागची हलत नाही.